नवऱ्याच्या पलटणीचा टॅटू बायकोनं काढावा का?

फौजीण_कोल्हापूरची (धागाकर्ती) · जुलै, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, इतकी वर्षं नुसती वाचत होते, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे मिस्टर मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार आहेत. लग्नाला यंदा अकरा वर्षं होतील. परवा पोरगी झोपल्यावर सहज वही काढली आणि बेरीज केली की या अकरा वर्षात आम्ही एका छपराखाली किती दिवस काढले. वर्षाला ६० दिवस ॲन्युअल आणि ३० दिवस कॅज्युअल रजा कागदावर असते, मिळते त्यातली मिळेल तेवढी, कधी तुकड्या तुकड्यानं, मध्ये अडीच वर्षं पीस पोस्टिंगला (सीमेपासून लांब, बायकापोरांना नेता येतं तिथं) आम्ही बरोबर होतो क्वार्टरमध्ये तीही धरली, तरी सगळं मिळून सव्वाचार वर्षं. बाकीची पावणेसात फोनवर.

तर विषय असा की गौरी-गणपतीला ते रजेवर येणार आहेत आणि मला त्यांना सरप्राइज द्यायचंय. डाव्या हातावर पलटणीचं चिन्ह काढायचंय, बिगुल, ढाल, दोन तलवारी, खाली पलटणीचा नंबर आणि 'कर्तव्य, मान, साहस'. राजारामपुरीत एका दुकानात विचारून पण आले.

घरात मात्र रामायण झालंय. आत्ती (सासूबाई) म्हणाल्या, "मिल्ट्रीत त्यो हाय, तू कशाला शिक्का मारून घेतीस? म्हशीला मारत्यात तसा." जाऊबाई म्हणाल्या, "आणि उद्या काय झालं तर..." एवढंच बोलल्या आणि उठून कुकर बघायला गेल्या. ते वाक्य आमच्या घरात कुणी पुरं करत नाही. आजेसासूबाई तेवढ्या काही बोलल्या नाहीत, त्यांच्या स्वतःच्या हातावर कोपरापर्यंत गोंदण आहे.

फौजींच्या बायका असतील इथं तर सांगा. बाकीच्यांनीही सांगा. काढू का नको?

---

कटवडा

वैनी नाद खुळा! काढा बिनधास्त. फक्त अक्षरं काढायच्या आधी दोनदा वाचून घ्या. आमच्या तालमीतल्या एकानं दंडावर 'आई' काढून घेतलं, त्या पठ्ठ्यानं ई ऱ्हस्व काढली, आता गडी 'आइ' घेऊन फिरतोय आणि आईच रोज शिव्या घालतीय.

---

निवृत्त_सुभेदार

ताई, जय हिंद. मी याच रेजिमेंटमधून २८ वर्षं सर्व्हिस करून आलोय म्हणून बोलतो, राग मानू नका.

पहिलं, पलटणीचा नंबर हातावर नको म्हणजे नको. तुमचा हात बाजारात, लग्नात, एसटीत सगळ्यांना दिसणार. त्यात आजकाल प्रत्येक गोष्टीचा फोटो. कुठली पलटण, नवरा कुठं आहे, कधी येणार, एवढ्या तीन गोष्टी कोणीतरी गोड बोलून काढून घेतो आणि तुम्हाला वाटतं चौकशी करतोय. २०२० साली फौजेनं जवानांना ८९ ॲप मोबाइलमधून काढायला लावले, फेसबुक-इन्स्टाग्राम सकट, ते उगाच नाही. ॲप डिलीट करता येतं, हात कसा डिलीट करणार? आर्मी नंबर, म्हणजे प्रत्येक जवानाचा स्वतःचा नंबर, तो तर चुकूनही नको. रेजिमेंटचं नाव सगळ्या जगाला माहीत आहे, १७६८ पासूनची आहे, ते गुपित नाही. नंबर वेगळा.

दुसरं जरा कडू आहे. तो बिल्ला टोपीवर चढवायला पोरगा बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरला रगडला जातो, कसम परेड (शपथेची परेड) करतो, मग मिळतो. आम्ही तो कमावलेला असतो. तुमचं कष्ट कमी आहे असं मी म्हणत नाही, पण ते बिल्ल्याचं नाही, वेगळं आहे.

---

स्पष्टवक्ता_कागल

सुभेदारसाहेबांशी १०० टक्के सहमत. मला तर मूळ मुद्दाच कळत नाही. सर्व्हिस त्यानं केली, मान हिला कशाला? डॉक्टरची बायको हातावर स्टेथोस्कोप काढते का? एसटी ड्रायव्हरच्या बायकोनं मग लाल डबा काढायचा का?

---

गारगोटी_मुक्काम

@स्पष्टवक्ता_कागल भाऊ, एसटी ड्रायव्हर मुक्कामाला जातो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो. आणि काढावा की तिनं लाल डबा, तुमच्या अंगावर काढणार आहे का?

सर्व्हिस त्यानं केली म्हणता. माझे मिस्टर ग्लेशियरवर होते तेव्हा सासऱ्यांना रात्री दोन वाजता ॲडमिट केलं, ऑपरेशनच्या कागदावर नातं 'सून' लिहून सही मी केली, उसाला पाणी मी पाजलं, रात्रीची लाइट असली की बॅटरी घेऊन मोटर सुरू करायला मी गेले, पोराला काविळ झाली तेव्हा त्यांना कळवलंच नाही, बरा झाल्यावर सांगितलं. का नाही कळवलं? तिकडं त्यांच्या हातात बंदूक आहे आणि डोक्यात पोराची काविळ, असं नको म्हणून. ही सर्व्हिस नाही तर काय गणपतीची सजावट आहे?

पण धागाकर्ती ताई, एवढं बोलून पण मी तुम्हाला टॅटू काढू नका असंच सांगणार आहे, आणि कारण वेगळं आहे.

आमचे २०१९ ला रिटायर होऊन आले. मला वाटलं सुटले. पहाटे साडेचारला उठून चादरीची घडी अशी घालायचे की धार लागेल, पोरांना 'लाइन में' उभं करून ताटं वाढायला लावायचे. आणि बारा महिन्यांनी एक दिवस ती पेटी उचलून माळ्यावर टाकली, युनिफॉर्म, फोटो, सगळं. म्हणाले आता बास, मी शेतकरी आहे. मला आजपर्यंत नक्की कळलं नाही त्या दिवशी काय झालं. तेव्हा जर माझ्या हातावर पलटण कोरलेली असती तर रोज भाकरी वाढताना त्यांच्या पुढं ती आली असती. तुम्हाला माणूस हातावर पाहिजे का पलटण, हे आधी ठरवा. ती दोन वेगळी असतात, हे सतरा वर्षांनी कळतं.

---

अटलांटिक_ते_रंकाळा

मी मूळचा शाहूपुरीचा, सध्या अमेरिकेत नॉरफोकला. इथं नेव्हीचा मोठा तळ आहे, त्यामुळे हे टॅटू रोज बघतो. जिममध्ये, दुकानात, बायकांच्या मनगटावर नांगर, गळ्यातल्या त्या ओळखपट्ट्या, बुटांची जोडी, खाली जहाज कधी गेलं त्याची तारीख. इथं ते नवीन नाही.

पण गंमत म्हणजे इथंही हीच भांडणं आहेत. 'नवऱ्याची रँक अंगावर घालून फिरते' असा इथला खवचट टोमणा आहे, आणि तो मारण्यात बाकीच्या फौजी बायकाच पुढं असतात. घटस्फोट झाल्यावर नांगराचं काय करायचं हा पण एक धंदा आहे इथल्या टॅटूवाल्यांचा.

---

गारगोटी_मुक्काम

रँकवरून आठवलं. फौजी बायकांच्या वेल्फेअरच्या मीटिंगला साहेबांच्या बायका कुठं बसतात, जेसीओंच्या (नायब सुभेदार, सुभेदार वगैरेंच्या) कुठं आणि आमच्यासारख्या कुठं, हे तिथं कुणी सांगत नाही, पण पहिल्या मीटिंगलाच कळतं. तेव्हा रँक अंगावर घालून फिरणं म्हणजे काय ते आम्हाला अमेरिकेला जाऊन शिकायला नको. 😀

---

सुईशाई

माझं कोल्हापुरातच टॅटूचं दुकान आहे (नाव सांगत नाही, जाहिरात वाटेल). कामाचं बोलतो.

१) बिगुल, ढाल, दोन तलवारी आणि खाली तीन शब्द, हे सगळं मनगटावर दीड इंचात बसवायला कोणी तयार झाला तर त्याच्याकडून उठून या. आज छान दिसेल. शाई कातडीत हळूहळू पसरते, सात-आठ वर्षांनी तलवारीची पात आणि बिगुलाची नळी एकच गोळा होणार, मग लोक विचारणार झुरळ काढलंय का. असलं डिझाइन हाताच्या आतल्या बाजूला किमान तीन-साडेतीन इंच पाहिजे.

२) मराठी अक्षरं काढताना वेलांटी आणि अनुस्वार यांच्यात हवा सोडावी लागते. काढणाऱ्याला मराठी वाचता येतं का बघा. हसू नका.

३) सुई तुमच्या डोळ्यापुढं पाकिटातून फोडायची, शाई छोट्या टोपणात नवीन ओतायची, उरलेली फेकायची. जत्रेत बॅटरीवर मशीन लावून जे बसतात तिथं एकच सुई सकाळपासून पन्नास हातात जाते. तिथं फुकट काढून दिला तरी नको.

४) माझ्याकडं नाव काढायला आलेल्यांना मी पंधरा दिवसांनी या म्हणतो. निम्मी येत नाहीत. माझं नुकसान होतं पण नंतर झाकायला येतात त्यापेक्षा बरं. जुन्या नावावर गुलाब काढणे, गरुड काढणे हा आमच्या लाइनीतला मोठा धंदा आहे.

आणि सुभेदार काका म्हणतात ते खरं आहे, माझ्याच चुकीवरून सांगतो. एका वहिनींचा असाच टॅटू काढला, पलटणीच्या नंबरसकट, आणि कौतुकानं फोटो इन्स्टावर टाकला, त्यांचं नाव टॅग करून. दुसऱ्या दिवशी तिकडून त्यांच्या मिस्टरांचा फोन आला. माणूस ओरडला नाही, फक्त म्हणाला, "भाऊ, काढा." मी काढला. पण तोपर्यंत किती लोकांनी बघितला होता ते माझ्या हातात नव्हतं.

---

सोळाशे_मीटर

सर्वांना जय हिंद. विषय थोडा वेगळा आहे माफ करा, मी भरतीची तयारी करतोय, अकॅडमीत आहे. माझ्या हातावर 'एस' काढलेला आहे. मेडिकलला चालतो का? दंडावर आहे.

निवृत्त_सुभेदार

@सोळाशे_मीटर बाळा, नियम साधा आहे. कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत, म्हणजे हाताची आतली बाजू, आणि तळहाताच्या मागची बाजू, एवढीच जागा चालते. दंडावरचा चालत नाही. आदिवासी जमातींना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे, तुला नाही. आधी अकॅडमीच्या सरांना दाखव, मैदान मारून मेडिकलला बाहेर पडलेली पोरं मी रडताना बघितली आहेत.

कटवडा

एस म्हणजे कोण रं भावा? अग्निवीरला चार वर्षं लगीन करता येत न्हाई, एस थांबणार हाय का तवर?

सोळाशे_मीटर

एस म्हणजे शिवाजी महाराज 🙏

कटवडा

बरं बरं. 🙏 (मग मराठीत 'शि' काढायचा की)

---

ओपीडी_नंतर

मी त्वचेची डॉक्टर. थोडक्यात सांगते, कारण सुईशाई यांनी अर्धं काम केलंय. अस्वच्छ सुईनं हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरू शकतो. टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही. कान टोचल्यावर किंवा जखमेवर गाठीसारखा वण येत असेल तर टॅटूच्या नादाला लागू नये. दिवस गेलेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर पुढं ढकला. आणि लेझरनं 'पुसून' मिळतो हा गैरसमज डोक्यातून काढा, बऱ्याच बैठका लागतात, काढायला लागले त्याच्या कितीतरी पट पैसे लागतात, तरी सावली राहू शकते. काळी शाई त्यातल्या त्यात बरी जाते.

---

काठावरची

हा धागा चार दिवस वाचतेय. लिहू का नको असं होत होतं.

धागाकर्तीच्या जाऊबाई कुकर बघायला उठून गेल्या ना, त्या वाक्याच्या पुढं काय असतं ते मी सांगते. मी शिरोळ तालुक्यातली. माझे मिस्टर २०१६ साली गेले. गोळी लागून नाही, डोंगरात त्यांची गाडी दरीत गेली. फौजेच्या कागदावर दोन शब्द असतात, बॅटल कॅज्युअल्टी म्हणजे लढाईत गेलेला आणि फिजिकल कॅज्युअल्टी म्हणजे अपघातानं किंवा आजारानं गेलेला, आमच्या कागदावर दुसरा आहे. पेन्शनचा हिशेब दोन्हीचा वेगळा असतो. त्याचं मला काही नाही, नियम आहे. पण गावात प्रत्येक जण एकदा तरी विचारतो, "शहीद म्हणायचं का मग?" मी आता म्हणते, तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा, माझ्यासाठी ते गेले.

आता टॅटूचं. ते गेले त्या दिवशी बायकांनी माझ्या बांगड्या फोडल्या. मी दारातच बसले होते, एका काकींनी हात धरला आणि उंबऱ्यावर आपटला. कुंकू पुसलं, जोडवी काढली, मंगळसूत्र सासूबाईंनी स्वतः तोडलं आणि त्या माझ्यापेक्षा जास्त रडत होत्या. मी चोवीस वर्षांची होते. त्यानंतर सहा वर्षांनी, ४ मे २०२२ ला, आमच्याच तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं हे सगळं बंद करायचा ठराव केला, शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं होत होती तेव्हा. मग त्याच महिन्यात सरकारनंही गावोगाव तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. टीव्हीवर बातमी लागली तेव्हा मी भाकऱ्या करत होते, तवा तसाच ठेवून बघत बसले. भाकरी जळली.

मला तेव्हा पहिला विचार काय आला सांगू? बांगड्या काचेच्या होत्या म्हणून फुटल्या. मंगळसूत्र दोऱ्यातलं होतं म्हणून तुटलं. हातावर काही असतं तर त्या बायकांनी काय केलं असतं?

सुभेदार काका म्हणतात आर्मी नंबर काढू नका. बरोबर आहे. मला काढायची गरजच नाही. पेन्शनच्या फॉर्मवर, इसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या) कार्डाच्या अर्जावर, पोराच्या स्कॉलरशिपवर, इतक्या वेळा लिहिलाय की झोपेतनं उठवून विचारला तरी सांगेन. माझा स्वतःचा मोबाइल नंबर मला अडखळत येतो.

तुम्ही काय काढायचं ते काढा ताई, पण 'उद्या काय झालं तर' म्हणून नको असं मात्र करू नका. काही झालं तर तेवढंच राहतं.

---

कटवडा

🙏

निवृत्त_सुभेदार

ताई, तुम्हाला सॅल्यूट. वर मी बिल्ल्याचं लिहिलं, ते जरा घाईत लिहिलं.

स्पष्टवक्ता_कागल

काठावरची ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. पण माझा मुद्दा अजून तोच आहे. टॅटू काढायचा तर नवऱ्याला विचारून काढावा. सरप्राइज वगैरे ठीक आहे, पण पलटण त्याची आहे, नाव त्याचं आहे, त्याला चालतंय का ते बघा की.

गारगोटी_मुक्काम

हात तिचा आहे ते राहिलंच लिहायचं.

---

फौजीण_कोल्हापूरची

सगळ्यांचे खूप आभार. काठावरची ताई, तुमचं मी आत्तींना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, संध्याकाळी मात्र म्हशीचा विषय पुन्हा काढला नाही.

दोन गोष्टी झाल्या.

एक, सरप्राइज फुटलं. जाऊबाईंनी फोनवर सांगितलं यांना. दोन दिवस यांनी त्या विषयावर काहीच बोलणं नाही, जेवलीस का, पोरगी शाळेत गेली का, एवढंच. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पलटणीचा नको काढूस." मी म्हटलं का, नंबर नाही टाकत, नुसता बिगुल काढते. म्हणाले, "तसं नव्हं. हितं दिवसभर मला तेच दिसतं. घरी आल्यावर तुझा हात बघितला तर तुझा हात दिसू दे."

मला एकदम गारगोटीच्या ताईंची पेटी आठवली. आणि रागही आला, खरं सांगते. फोन ठेवल्यावर रडले. म्हणजे अकरा वर्षं सगळं मी निस्तरायचं आणि माझ्या हातावर काय असावं तेही हेच ठरवणार. (स्पष्टवक्ता भाऊ, तुम्ही जिंकलात असं समजू नका.)

दुसरी गोष्ट आजेसासूबाईंची. त्यांचं माहेर सैनिक टाकळी, सासरही शिरोळ तालुक्यातच, सध्या आमच्याकडं असतात. आजेसासरे जंगी पलटणीत, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्याच पहिल्या बटालियनमध्ये होते, १९७१ च्या युद्धात जमालपूरच्या (आताच्या बांगलादेशातल्या) लढाईत होते. मी रडत होते तेव्हा आजी जवळ येऊन बसल्या आणि हात पुढं केला. दिव्याखाली धरला. मी रोज बघते तो हात, भाकरी थापताना, पण कधी नीट वाचला नव्हता. कोपराजवळ तुळस, खाली विंचू, मग बारीक ठिपक्यांची रांग आणि मनगटाच्या वर आजेसासऱ्यांचं नाव. त्यातली वेलांटी उलटी आहे! आजींना वाचता येत नाही, त्यांना ते आमच्या नणंदेनं दुसरीत गेल्यावर सांगितलं, तोपर्यंत पंचवीस वर्षं झाली होती.

म्हणाल्या, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी जोतिबाच्या यात्रेत गोंदून घेतलं, गोंदणारी बाई दगडावर बसली होती, काजळी आणि कसल्यातरी पाल्याचा रस, आणि दुखायला लागलं की ती गाणं म्हणायची. मी विचारलं, नाव का गोंदलं? म्हणाल्या, "घ्यायचं नसायचं न्हवं." नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही ना तेव्हा. मनीऑर्डर घेऊन पोस्टमन यायचा आणि विचारायचा, कुणाची मंडळी तुम्ही? तेव्हा आजी हात पुढं करायच्या. रेशनवाल्यानं विचारलं की हात पुढं. पोस्टमनला वेलांटी उलटी आहे हे पहिल्या दिवशीच कळलं असणार, पण बोलला नाही बिचारा.

१९७१ ला दोन महिने पत्र नव्हतं. तेव्हा काय केलं विचारलं तर म्हणाल्या, रात्री अंधारात हात चाचपायचे. गोंदण हाताला लागत नाही, गुळगुळीत असतं, पण म्हणे लागायचं.

२०१९ च्या पुरात त्यांच्या गावच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. आजेसासऱ्यांचं डिस्चार्ज बुक, दोन मेडलं, लग्नाचा एकुलता एक फोटो, सगळ्याचा चिखल झाला. त्यांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मेडलं घासून काढली, बाकी काही राहिलं नाही. "ह्ये ऱ्हायलं," म्हणाल्या आणि पदर हातावर ओढून झोपायला गेल्या.

आता मला कळत नाहीये काय करायचं.

---

अटलांटिक_ते_रंकाळा

आजींच्या हाताचा फोटो टाकाल का? (नाव झाकून, सुभेदारसाहेबांना विचारून 🙂)

फौजीण_कोल्हापूरची

नाही टाकणार. विचारलं होतं, आजी नको म्हणाल्या.

ओपीडी_नंतर

आजींच्या वेळच्या सुया आठवून माझ्या अंगावर काटा आला, पण वेलांटीचं वाचून तीनदा हसले.

सुईशाई

ताई, जुन्या गोंदणाचे ठिपके मशीननं काढायला गेलं तर फार एकसारखे येतात, छापल्यासारखे. हातानं एकेक टोचून काढले तर तसे येतात. मला येतं. वेळ लागतो. पाहिजे असेल तर सांगा.

---

फौजीण_कोल्हापूरची · ऑगस्टचा शेवट, गौरी बसल्यात

अपडेट द्यायला उशीर झाला, घरात पाहुणे.

काढला. पलटण नाही, नाव नाही, बिगुल नाही. ती वही आठवते का, जिच्यात मी बेरीज केली होती? त्यात प्रत्येक रजेची तारीख आहे, आले कधी, गेले कधी. जितक्या वेळा ते रजा संपवून गेले तितके ठिपके, आजींच्या ठिपक्यांसारखे, मनगटापासून वर एका रांगेत. एकोणीस झाले. पुढं जागा सोडलीय, रिटायरमेंटपर्यंत लागेल तेवढी. सुईशाई दादांनी हातानं टोचून काढले, दोन तास लागले, आजी बरोबर आल्या होत्या. बाराव्या ठिपक्याला मी ओरडले तर आजी दुकानात गाणं म्हणायला लागल्या. दुकानातली सगळी पोरं गप्प.

हे परवा आले. पाय धुतले, गणपतीला नमस्कार केला, आणि मग हात बघितला. मी म्हटलं ओळखा काय आहे. त्यांनी ओळखलं नाही. सांगितल्यावर बोटानं मोजायला लागले, मनातल्या मनात, ओठ हलत होते. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. एकोणीसवर थांबले आणि म्हणाले, "एक कमी हाय."

मी म्हटलं शक्यच नाही, वहीत लिहिलेलं आहे. तर म्हणाले, यंदाचा मे. आले आणि चौथ्या दिवशी रजा रद्द होऊन परत बोलावलं, रात्री साडेअकराला बॅग भरून निघाले, मी डबा दिला होता, घाईत चटणी द्यायची राहिली. ती रजा मी वहीत लिहिलीच नव्हती. चार दिवसांची काय लिहायची, असं झालं असेल. पण ते विसरले नव्हते. चटणी राहिल्याचंही विसरले नव्हते.

@सुईशाई दादा, एक ठिपका राहिलाय. उद्या येऊ का? आणि जरा खाज सुटलीय, खोबरेल तेल लावलं तर चालेल का?

---

स्पष्टवक्ता_कागल

ठीक आहे. हे चालेल.

गारगोटी_मुक्काम

तुम्हाला कुणी विचारलंय? 😀 (ताई, चटणी आता डबाभर करून ठेवा.)

सुईशाई

उद्या नको ताई. खपली धरलीय तोवर सुई लावायची नाही, अजून दोन-तीन आठवडे जाऊ द्या. खाजवू नका, खपली ओढू नका, वरून हलकं थोपटा. तेल नको, दिलेलं मलम पातळ लावा, विसर्जनाला गुलाल उडेल तेव्हा पूर्ण बाह्यांचं काहीतरी सैल घाला. आणि साहेबांची रजा कधी संपते ते सांगून ठेवा, दोन ठिपके एकदमच काढू, हा विसरलेला आणि आत्ताचा. पैसे एकाचेच घेईन.